टनेल ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसतंय, तरी शाखेत टॅली का उघडत नाही?

मायक्रोटिक राउटरवर आमच्याकडून साइट-टू-साइट व्हीपीएन (दोन ऑफिसांची नेटवर्क इंटरनेटवरून जोडणारं सुरक्षित टनेल) बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी

टनेल उभं आहे, इंटरनेट चालू आहे, पण शाखेतून हेड ऑफिसच्या सर्व्हरला पिंग जात नाही. अशा वेळी कृपया टनेल काढून पुन्हा बनवू नका आणि टनेलची गुप्त ‘की’ (पासवर्ड) बदलू नका. त्यात अख्खा दिवस जातो आणि दोष बहुधा नॅटमध्ये, म्हणजे पॅकेटवरचा पत्ता बदलणाऱ्या राउटरच्या नियमांत, निघतो.

राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर आधी सोर्स नॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं) लावतो, आयपीसेक पॉलिसी (कोणता ट्रॅफिक टनेलमधून न्यायचा ते ठरवणारा नियम) त्यानंतर तपासतो. इंटरनेटसाठीचा मास्करेड नियम शाखेतल्या मशीनचा, समजा १९२.१६८.२०.५ हा, आतला पत्ता काढून तिथे पब्लिक आयपी घालतो. पॉलिसीत मात्र १९२.१६८.२०.०/२४, म्हणजे शाखेच्या आतल्या पत्त्यांचा गट (सबनेट), लिहिलेलं असतं. पत्ता जुळत नाही, म्हणून पॅकेट टनेल सोडून उघड्या इंटरनेटवर जातं. तिथे खाजगी पत्त्यांना वाटच नाही.

म्हणून शाखेच्या सबनेटकडून हेड ऑफिसच्या सबनेटकडे जाणाऱ्या ट्रॅफिकला नॅटमधून वगळणारा ‘अ‍ॅक्सेप्ट’ नियम लागतो. हेड ऑफिसच्या राउटरवर तोच उलट दिशेने.

बरेच जण हा नियम बरोबर लिहितात आणि इथेच फसतात: नवा नियम यादीत सगळ्यात खाली जातो. मास्करेडच्या खाली त्याचा काही उपयोग नाही, कारण वरचा नियम पॅकेट आधीच उचलतो. नव्या नियमापुढचा पॅकेट मोजणारा काउंटर शून्यावर अडकलेला दिसला की समजा, नियम ओढून वर न्यायचा आहे. वर नेल्यावर चालू पिंग थांबवा आणि कनेक्शन्सच्या टॅबमधून त्या पत्त्याच्या जुन्या नोंदी काढा. नॅटचा निर्णय कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटलाच होतो. जुनं कनेक्शन जुन्याच निर्णयावर चालत राहतं, आणि दुरुस्त केलेला नियमही चुकीचा वाटतो.

पिंग जातं पण फाइल अडखळते? मग फास्टट्रॅकमधून (पॅकेट तपासण्या टाळून वेगाने पुढे सोडणारी राउटरची सोय) टनेलचा ट्रॅफिक वगळला आहे का ते बघा.

शाखेत आणि हेड ऑफिसमध्ये, दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ हेच सबनेट असेल, तर पत्ते एकमेकांत मिसळतात, म्हणून आम्ही आधी शाखेचं सबनेट बदलायला सांगतो. काहींना हा वाढीव खर्च वाटतो. नेटमॅपने (एका सबनेटचे पत्ते दुसऱ्या सबनेटच्या पत्त्यांत बदलणारा नॅट नियम) काम भागतं, हे खरं. पण मग प्रत्येक प्रिंटरला आणि सर्व्हरला दोन-दोन पत्ते होतात आणि पुढे येणारा माणूस गोंधळतो. सबनेट एकदाच बदलावं लागतं.

वार्षिक देखभाल करारात नॅट नियमांची तपासणी आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप धरलेला आहे. करार नसला तरी इंटरनेटची नवी लाइन जोडण्याआधी आम्हाला एक फोन करा. लाइनवाल्याचा माणूस नवा मास्करेड नियम यादीच्या अगदी वर टाकून जातो, आणि टॅली दुसऱ्या दिवशी बंद.