रब्बी ज्वारीचे वाण : हायब्रीडच्या हट्टापासून जमिनीच्या खोलीपर्यंत

सोलापूर, नगर, बीडकडे रब्बी ज्वारीच्या नव्या वाणाची तुलना आजही मालदांडीशीच होते. मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडून काढला. राज्यातली कृषी विद्यापीठे पुष्कळ नंतरची : राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. त्यामुळे विद्यापीठातल्या पैदासकारांपुढे, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे, पहिल्या दिवसापासून एक तयार आणि शेतकऱ्याने स्वीकारलेला वाण उभा होता. टपोरा, पांढराशुभ्र दाणा, चवीची भाकरी आणि जनावर आवडीने खाईल असा कडबा, हे सगळे त्यात होते.

पण विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा वारे हायब्रीडचे होते. १९६४ मध्ये देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला. त्याची मादी अमेरिकेतून आलेली नरवंध्य, म्हणजे स्वतःचे परागकण न देणारी, ओळ होती. बुटके ताट, साधारण शंभर दिवसांत तयार होणारे पीक आणि खताला मिळणारा प्रतिसाद यांमुळे खरिपात उत्पादन वाढले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर हायब्रीडला पर्यायच उरला नाही असे वाटू लागले. लवकर येणारे हे पीक परतीच्या पावसात सापडून दाणे काळे पडत. तो इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे.

खरा वादाचा निर्णय पुढचा आहे. खरिपात चालले ते रब्बीतही चालेल असे धरून सत्तरच्या दशकापासून रब्बीसाठीही संकरित वाण आणले गेले. सीएसएच-८आर हा त्यातला सुरुवातीचा, मग १३आर, १५आर, १९आर. त्यांपैकी एकालाही मालदांडीला हटवता आले नाही. कारणे शेतात दिसत होती. खोडमाशी पडली की पोंगे मरत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्रीचा पारा दहा अंशांखाली गेला की परागकण नीट तयार होत नाहीत, आणि संकरित वाणाची कणसे भरत नाहीत. दाणे भरताना ओल तुटली की खडखड्या या बुरशीच्या रोगाने ताटे बुडाशी कोलमडतात. दाणा बारीक आणि भाकरीला कमी, म्हणून बाजारात भावही कमी.

तरीही चाचण्यांमध्ये वाणाची मुख्य ओळख राहिली ती हेक्टरी धान्याचे क्विंटल. माझ्या मते चूक इथे झाली. कोरडवाहू पट्ट्यात ज्वारी पेरली जाते ती निम्मी माणसांसाठी आणि निम्मी जनावरांसाठी. टंचाईच्या वर्षी कडब्याची पेंढी दाण्यापेक्षा जास्त पैसे देते. चार क्विंटल जास्त दाणे देणारा पण वैरण घटवणारा वाण त्या घराला परवडत नव्हता. शेतकरी अडाणी किंवा जुन्याला चिकटलेला म्हणून त्याने हायब्रीड नाकारले, असे त्या काळात सर्रास म्हटले गेले. ते अन्यायाचे होते.

पुढे राहुरीच्या पैदासकारांनी प्रश्नच बदलला. रब्बी ज्वारी पेरणीनंतर जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढते, म्हणजे पिकाला किती दिवस मिळणार हे मातीची खोली ठरवते. मग सगळ्या जमिनींना एकच वाण कशाला? वीतभर खोलीच्या हलक्या रानासाठी १०५ ते ११० दिवसांत येणारी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी ११६ ते १२० दिवसांची फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती, अशी शिफारस आली. परभणीची परभणी मोती याच वाटेने रुजली. हे सगळे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत. शेतकऱ्याला घरचे बियाणे राखता येते. खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो, म्हणूनच हे काम विद्यापीठांनी केले नसते तर दुसऱ्या कुणी केले असते असे वाटत नाही. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी हे वाणही याच काळातले. परभणीने २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती प्रसारित केली.

या दरम्यान क्षेत्र मात्र कोसळले. १९८० च्या सुमारास राज्यात ज्वारी साठ लाख हेक्टरांहून अधिक होती, आता ती त्याच्या एक तृतीयांशही उरलेली नाही. खरिपातली जागा मुख्यतः सोयाबीनने घेतली. रब्बीत अडचण मजुरांची आहे. कडबा अख्खा हवा म्हणून ताटे मुळासकट हाताने उपटावी लागतात, मग पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची. हे काम करायला माणसे मिळत नाहीत. यंत्राने कापणी करायची तर ताट बुटके आणि न लोळणारे हवे, आणि कडब्यासाठी ते उंच हवे. आजच्या पैदासकारांपुढचा पेच हा आहे.