रापणीचा दोर आणि स्नायूंचं इंधन

मालवण-देवगडकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल, तर दोन टोकांच्या दोरांना लागलेली माणसं आठवतील. त्यात एखादा पाच मिनिटांतच दोर सोडतो. बोटं आखडलेली, दंडात गोळा आलेला. "ह्याका दमच नाय," म्हणून बाकीचे हसतात. त्याला आळशी ठरवण्याआधी एवढंच विचारावं: सावकाश काम करत राहिलास, तर थोड्या वेळाने जमायला लागतं का?

'हो' म्हणाला तर कान टवकारावेत. स्नायूत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. झटक्याचं काम आलं की ती फोडायला मायोफॉस्फोरिलेज नावाचं विकर लागतं. ११व्या गुणसूत्रावरच्या पीवायजीएम जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर कणगी भरलेली असूनही दाणा बाहेर निघत नाही. १९५१ साली ब्रिटिश डॉक्टर ब्रायन मॅकआर्डल यांनी असा रुग्ण नोंदवला, म्हणून हा मॅकआर्डल आजार. दंडाचा रक्तपुरवठा आवळून त्याच्याकडून हाताचा व्यायाम करून घेतला, तर स्नायूतली साखर फुटल्यावर रक्तात वाढणारं लॅक्टेट वाढलंच नाही. अशी माणसं न थांबता बेताने चालत राहिली, तर दहाएक मिनिटांत रक्तातली साखर आणि चरबी स्नायूंना पुरू लागते आणि पाय मोकळे होतात.

दुसऱ्या एका आजाराची तऱ्हा नेमकी उलटी. दोर ओढताना काही होत नाही, पण शिमग्यात उपाशीपोटी तासन् तास पालखी नाचवली की दुसऱ्या दिवशी मांड्या हात लावू देत नाहीत आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. इथे घोटाळा चरबीच्या वाहतुकीत. तिचे लांब रेणू कार्निटिन नावाच्या रेणूच्या होडीत बसून मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्टीत, शिरतात. सीपीटी-२ हे विकर कमी असलं की पलीकडच्या धक्क्यावर माल उतरवून घेणारा गडीच नसतो. ताप आणि थंडीनेही हा त्रास उसळतो.

त्या चहाच्या रंगाकडे मात्र कानाडोळा नको. तो फुटलेल्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा रंग. लघवीत पट्टी बुडवून केलेल्या तपासणीत 'रक्त' दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तांबड्या पेशी जवळपास सापडत नाहीत. मूत्रपिंड बंद पडू शकतं, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तातलं सीके, म्हणजे स्नायू फुटल्यावर रक्तात सांडणारं विकर, हजारोंत जातं. सीपीटी-२ वाल्यांचं ते एरवी बहुधा साधारण असतं, मॅकआर्डलवाल्यांचं मात्र स्वस्थ बसलेले असतानाही चढलेलं. बऱ्याच दिवसांनी कुदळ धरल्यावर अंग दुखतं ते वेगळं. ते आपल्या सगळ्यांचंच.

दोन्ही आजारांत आईवडील बहुधा ठणठणीत असतात. दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर दर खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. मामेबहीण-आतेभावाच्या लग्नांत असा योग जुळणं सोपं होतं.

उपाय निदानावर ठरतो. सीपीटी-२ असेल तर कामाला निघण्याआधी पोटभर पेज हवीच. मॅकआर्डलमध्ये श्रमाच्या पाचेक मिनिटं आधी साखरेचं पाणी उपयोगी पडतं. पण तारुई या त्याच्या चुलत आजारात साखर पोटात गेली की दम उलट लवकर संपतो.