उंदराच्या अंगातलं पाणी आणि रेडिएशन

परवा आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मोबाईलवर चिकटवायचं अँटी-रेडिएशन स्टिकर विकायला टाकलं आणि दोन तासांत सात जणांनी ऑर्डर दिली. गंमत म्हणजे खरंखुरं रेडिएशन इथून जवळच वाशीला २००० सालापासून मसाल्यांवर मारतात, कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांनी, ते कुणाच्या गावीही नसतं. (मसाला त्याने किरणोत्सारी होत नाही, आधीच सांगून टाकतो.) अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद गॅमा आणि एक्स-रेमध्ये असते, मोबाईलच्या लहरींत नसते, मग स्टिकर नेमकं अडवणार काय?

डोस मोजतात ग्रेमध्ये, किलोमागे एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. लॅबमधल्या उंदरांना सगळ्या अंगावर ८ ग्रेच्या आसपास डोस दिला तर जातीप्रमाणे कमीजास्त, पण बरेचसे महिन्याभरात मरतात. आता हिशोब करा, २५ ग्रॅमच्या उंदराला मिळाले फक्त ०.२ ज्यूल, अंग तापणार जेमतेम ०.००२ अंश. म्हणजे भाजून तर मरत नाही.

मरतो तो केमिस्ट्रीने. अंगात सगळ्यात जास्त असतं पाणी, त्यामुळे किरणाचा दणका बहुतेक वेळा पाण्यालाच बसतो, पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडतो, उरलेला रेणू शेजारच्या पाण्याला प्रोटॉन देऊन टाकतो आणि मागे राहतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा माझा आवडता गुंड. त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून समोर डीएनए असो, प्रोटीन असो, तो हायड्रोजन ओरबाडतोच. पेशीच्या पडद्यातल्या चरबीचा ओरबाडला तर तीच चरबी रॅडिकल होते, ऑक्सिजन पकडते आणि शेजारणीचा हायड्रोजन खेचते, मग ती पुढचीचा, अशी साखळीच लागते. शेवटी त्यातून मॅलोनडायअल्डिहाइड तयार होतं, ते उंदराच्या लिव्हरमध्ये मोजता येतं. पेशीतलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी थोपवतं, पण त्याचा साठा घटत जातो. आतड्याचं अस्तर झडलं की रक्तातलं सिट्रुलिन नावाचं अमिनो आम्लही उतरतं, कारण ते मुख्यतः तिथल्याच पेशी बनवतात.

१९४९ मध्ये उंदरांच्या थोरल्या भावांना, म्हणजे रॅट्सना, एक्स-रे द्यायच्या आधी सिस्टीन (ग्लुटाथायोनसारखाच हायड्रोजन देणारं अमिनो आम्ल) टोचून पाहिलं तर बरेच जगले. तेच सिस्टीन एक्स-रेनंतर टोचलं तर काही उपयोग नाही, कारण रॅडिकल नॅनोसेकंदांत काम उरकून मोकळा झालेला असतो.