लेसुला: नद्यांआडचं माकड

व्हॉट्सॲपवर एक फोटो दर काही महिन्यांनी परत येतो. लांबुळका, केस नसलेला चेहरा, नाकावरून उतरलेली फिकट पट्टी आणि माणसाची आठवण करून देणारे उदास डोळे. कुणी त्याला माणूस आणि माकड यांच्यातला हरवलेला दुवा म्हणतं, कुणी त्यात थेट रामायण शोधतं. परवा तो पुन्हा आला, म्हणून हा लेख.

फोटो खरा आहे, पण दुवाबिवा काही नाही. हे लेसुला. राहतं आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, मुख्यतः लोमामी आणि त्शुआपा या नद्यांमधल्या सदाहरित जंगलात. 2007 मध्ये ओपाला गावात एका घरी पाळलेलं पिल्लू जॉन आणि टेरीज हार्ट या संशोधकांच्या पथकाला दिसलं. 2012 मध्ये ‘सर्कोपिथेकस लोमामिएन्सिस’ या नावाने त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. नवी अर्थात आपल्यासाठी. तिथले शिकारी त्याला आधीपासून लेसुलाच म्हणत होते.

इतकं मोठं माकड इतकी वर्षं शास्त्रज्ञांच्या नजरेतून कसं सुटलं? एक तर ते शेंड्यांवर धुडगूस घालत नाही. लहान टोळ्यांनी, बरंचसं जमिनीवरच वावरतं. फळं आणि जमिनीलगतचा पाला खातं. नर पहाटे घुमतात, तेही खर्जात. उंच पट्टीचा आवाज पानांत विखरून विरतो, खर्जातला दाट झाडीतूनही लांब जातो. म्हणजे नर दिसण्याआधी ऐकू येतो. (दिसलाच तर त्याच्या निळ्याभोर ढुंगणाकडे बघा, डोळ्यांपेक्षा ते जास्त नवलाचं आहे.)

पण मला खरी भुरळ घालतो तो नकाशा. लेसुलाचं सगळ्यात जवळचं भावंड म्हणजे हॅम्लिनचं घुबडतोंडं माकड. ते राहतं लुआलाबाच्या, म्हणजे वरच्या काँगो नदीच्या पूर्वेला. दोघांच्या मध्ये दोन नद्या, लुआलाबा आणि लोमामी. बोनोबो हा वानर आणि त्याचा जवळचा भाऊबंद चिंपांझी यांचीही तीच गत: बोनोबो काँगोच्या दक्षिणेला, चिंपांझी उत्तरेला. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसने 1852 मध्येच ॲमेझॉनच्या माकडांबद्दल हे मांडलं होतं. कुठलं माकड कुठल्या काठावर मिळेल, हे तिथल्या शिकाऱ्यांना पक्कं ठाऊक असायचं.

इथे कुणीही विचारेल की नदी उगमापाशी चिंचोळी असते, तिथून का नाही ओलांडत? लोमामीचं उत्तर झकास आहे. ती दक्षिणेच्या पठारावर उगम पावते आणि उत्तरेकडे वाहते. उगमाकडे गवताळ माळरान आहे. म्हणजे नदी अरुंद आहे तिथे दाट रान नाही, आणि दाट रान आहे तिथे नदी रुंद. सावलीतल्या माकडाची दोन्हीकडून कोंडी.

तरी कधीतरी अपघात होतो. नागमोडी नदी एखादं वळण तोडून सरळ वाहू लागते (शाळेतलं नालाकृती सरोवर आठवा) आणि अलीकडच्या काठावरचा जंगलाचा तुकडा, माकडांसकट, पलीकडच्या काठाला जोडला जातो. माकड जागचं हलत नाही, नदीच हलते. त्या मूठभर माकडांकडे मूळ समूहातले सगळे जनुकभेद नसतात. जे असतात त्यांतले काही पिढ्यागणिक निव्वळ योगायोगाने गळतात, काही सगळ्यांत पसरतात. वर नवी उत्परिवर्तनं (जनुकांतले आपोआप होणारे बदल) साचत जातात आणि पलीकडून मिसळण होत नाही. लेसुला आणि हॅम्लिनची फारकत एक्स आणि वाय गुणसूत्रांवरच्या तुकड्यांची तुलना करूनच तपासली गेली.

नदीचा अडसर शिकाऱ्याच्या होडीला नसतो, आणि मांसासाठी होणारी शिकार हाच लेसुलाला मोठा धोका. 2016 मध्ये 8,879 चौरस किलोमीटरचं लोमामी राष्ट्रीय उद्यान अधिकृत झालं, पण लेसुलाच्या प्रदेशाचा बराच भाग त्याबाहेर आहे.

दोन माकडांना वेगळं ठेवणारी अशी नद्यांची रेघ आपल्याकडेही होती. पश्चिमेला तापी, पूर्वेला गोदावरी: उत्तरेला ऱ्हीसस माकड, दक्षिणेला कोकणातलं ओळखीचं केलडं (बॉनेट मकाक). आता ऱ्हीसस गोदावरी ओलांडून खाली सरकलं आहे, आणि त्यात माणसांनी पकडून दूर नेऊन सोडलेल्या माकडांचाही हात आहे. देवळापाशी माकड दिसलं तर आधी प्रसाद सांभाळा, मग शेपटी बघा. अंगाइतकी किंवा त्याहून लांब असेल तर केलडं, निम्म्यावर आटोपली तर ऱ्हीसस.