नागरिक-राजदूत आणि फुलब्राइट अधिछात्रवृत्ती

नागरिक-राजदूत : शासनाचा प्रतिनिधी नसताना, स्वतःच्या अध्ययनाच्या, अध्यापनाच्या किंवा संशोधनाच्या निमित्ताने परदेशात राहून दोन समाजांतील परिचय वाढविणारी व्यक्ती. ही संज्ञा आज बहुधा अमेरिकन शासनाच्या, परदेशी अध्ययन, अध्यापन वा संशोधनासाठी असलेल्या फुलब्राइट अधिछात्रवृत्तीच्या संदर्भात योजली जाते. अधिछात्राला राजनैतिक पारपत्र मिळत नाही, तसेच राजनैतिक अधिकाऱ्यांचे विशेषाधिकारही मिळत नाहीत. त्याचे काम ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा वर्गात चालते आणि राजनयाचा भाग सहकारी, विद्यार्थी व शेजारी यांच्या सहवासातून आपसूक घडतो.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक तो फिलाडेल्फियाचे क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाचे) वैद्य जॉर्ज लोगन यांच्यापर्यंत मागे नेतात. अमेरिका-फ्रान्स संघर्ष निवळावा म्हणून लोगन यांनी १७९८ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर पॅरिस गाठले. परिणामी, खाजगी नागरिकाने परकीय शासनाशी अनधिकृत वाटाघाटी करण्यास मनाई करणारा आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेलेला कायदा १७९९ मध्ये संमत झाला. तथापि लोगन बोलणी करण्यास गेले होते ते शासनाशी, समाजाशी नव्हे. त्यामुळे त्यांना या परंपरेचे मूळपुरुष मानणे फारसे समर्पक वाटत नाही. अध्यक्ष ड्वाइट आयझनहॉवर यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये परिषद भरवून पुरस्कारलेला ‘पीपल टू पीपल’ उपक्रम हा अधिक जवळचा पूर्वज ठरतो. खुद्द संज्ञा मात्र साधारणतः १९८० च्या दशकात, अमेरिका-सोव्हिएट संबंध ताणलेले असताना, रूढ झाली असावी.

अधिछात्रवृत्तीचे प्रणेते जेम्स विल्यम फुलब्राइट (१९०५–९५) हे आर्कॅन्सॉ राज्याचे सिनेटर होते. तरुणपणी ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकले असल्याने तीच या योजनेची प्रेरणा होय, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार खरा आदर्श चीनसंबंधीच्या व्यवहाराचा होता : चीनमधील परकीयविरोधी बॉक्सर बंडाच्या नुकसानभरपाईपोटी चीनकडून येणे असलेल्या रकमेचा जादा भाग सोडून देण्याचे अमेरिकेने १९०८ मध्ये ठरविले आणि त्या पैशातून चिनी विद्यार्थी अमेरिकेत शिकू लागले. परदेशात शिकण्याचे मोल फुलब्राइट यांना ऑक्सफर्डमध्ये कळले असेल. पण परकीय येणे शिक्षणाकडे वळविण्याची युक्ती पाहता, योजनेच्या रचनेपुरते तरी दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते.

ही रचना तपशिलाने पाहण्याजोगी आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन सैन्याची वाहने, यंत्रसामग्री व इतर साठे अनेक देशांत पडून होते. ते विकत घेणाऱ्या देशांजवळ डॉलर नव्हते आणि त्यांचे स्थानिक चलन अमेरिकेत नेऊन उपयोग नव्हता. ही येणी त्या त्या देशातच शैक्षणिक कार्यासाठी खर्च करावीत, असे विधेयक फुलब्राइट यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये मांडले. १९४४ च्या अतिरिक्त मालमत्तेच्या कायद्यातील दुरुस्ती, असे त्याचे रूक्ष स्वरूप होते. तिजोरीतून नवा पैसा मागितलेला नसल्याने सिनेटमध्ये ते चर्चेविना संमत झाले आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. एका देशासाठी एकूण २ कोटी डॉलर व वर्षाला १० लाख डॉलर ही मर्यादा होती. स्थानिक चलनाच्या बंधनामुळे देवाणघेवाण प्रारंभी एकांगी राहिली. परदेशी जाणाऱ्या अमेरिकन अभ्यासकाचा निर्वाहखर्च भागे, तर अमेरिकेत येणाऱ्यास या निधीतून प्रवासखर्चच देता येई आणि राहण्याखाण्याचे डॉलर त्याला अन्यत्र शोधावे लागत. परस्पर सामंजस्य वाढविण्याचे उद्दिष्ट कायद्याच्या भाषेत ठळकपणे आले ते १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्यात आणि पुढे १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यात.

भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला व त्यानुसार दिल्लीत द्विराष्ट्रीय शैक्षणिक प्रतिष्ठान स्थापन झाले. १९५४ नंतर पी. एल. ४८० (स्थानिक चलनात धान्य विकण्याची मुभा देणारा अमेरिकन कायदा) खाली आलेल्या अमेरिकन धान्याची किंमत भारत रुपयांत चुकवू लागला आणि त्या निधीचा काही अंश शैक्षणिक देवाणघेवाणीकडे वळला. रेशनच्या दुकानातील गहू आणि विद्यापीठातील पाहुणा प्राध्यापक यांच्यातील हा हिशेबी दुवा सहसा लक्षात घेतला जात नाही. २००८ च्या नव्या कराराने भारत खर्चातही भागीदार झाला. तेव्हापासून या वृत्तींना ‘फुलब्राइट-नेहरू’ हे नाव आहे.

डेक्कन कॉलेज, पुणे येथे भाषाविज्ञान शिकलेले ए. के. रामानुजन १९५९ मध्ये फुलब्राइटवर इंडियाना विद्यापीठात गेले. पुढे शिकागो विद्यापीठात अध्यापन करताना त्यांनी संगम काव्य व कन्नड वचने यांची इंग्रजी भाषांतरे केली आणि इंग्रजी वाचकाला दक्षिण भारतीय साहित्याचा नवाच परिचय झाला. माथेरान येथे जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड १९८७-८८ मध्ये याच वृत्तीवर शिकागोत होते. नागरिक-राजदूत या कल्पनेला खरा आधार अशा कामांचाच आहे. स्वागतसमारंभांची भाषणे तिचे मोल सांगू शकत नाहीत.

वृत्तीधारकाला अमेरिकेत जे-१ (देवाणघेवाणीखाली येणाऱ्यांसाठीच्या) व्हिसावर प्रवेश मिळतो. त्याला दोन वर्षांच्या स्वदेशवासाचा नियम लागू असून तशी नोंद व्हिसावरच छापलेली असते : ही मुदत मायदेशी पूर्ण केल्याविना एच किंवा एल वर्गाचा (मुख्यतः नोकरीसाठीचा) व्हिसा अथवा कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही. परतून आपल्या समाजाला अनुभव सांगणे हा भूमिकेचा अर्धा भाग मानल्याचे हे कायदेशीर रूप होय.

निवड गुणवत्तेवर व्हावी आणि परराष्ट्र धोरणाच्या तात्कालिक गरजांपासून अलिप्त राहावी, यासाठी अध्यक्षनियुक्त १२ सदस्यांचे मंडळ अंतिम मान्यता देते. ही अलिप्तता गेली, तर नागरिक-राजदूत आणि प्रचारक यांत फरक उरत नाही. म्हणूनच पुढील दोन घटना गंभीर आहेत. जुलै २०२० मध्ये अध्यक्षीय आदेशाने चीन व हाँगकाँगबरोबरची देवाणघेवाण थांबविण्यात आली. जून २०२५ मध्ये मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी, निवडींत प्रशासनाने हस्तक्षेप केल्याचा आक्षेप घेऊन राजीनामे दिले.