टर्पेंटाईन आणि थिनर एकच नाही हो, जुन्या ब्रशला विचारा

दोन्ही पाण्यासारखी पातळ, दोन्हीचा वास डोक्यात जाणारा, त्यामुळे बरेच जण टर्पेंटाईनलाही सरसकट थिनरच म्हणतात. बोलण्यापुरतं ठीक आहे, पण ब्रशला फरक बरोबर कळतो.

टर्पेंटाईन म्हणजे पाइनच्या झाडाच्या राळेपासून काढलेलं तेल (हल्ली पेट्रोलियमपासून केलेलं मिनरल टर्पेंटाईनही सर्रास वापरतात, काम जवळपास तेच). स्वभावाने मवाळ. ब्रशमधला ऑइल पेंट ओला असेल तर दोन-तीनदा खळबळलं की रंग सुटतो. पण ऑइल पेंट पाण्याच्या रंगासारखा नुसता सुकत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत घट्ट जाळं विणतं, आणि एकदा ते विणलं गेलं की ब्रश आठवडाभर टर्पेंटाईनमध्ये बुडवून ठेवा, बाहेर काढाल तेव्हा तसाच लाकूड.

इथे थिनरचं काम. एनसी थिनर (एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज) म्हणजे टोल्यूइन, ॲसिटोन वगैरे सॉल्व्हंटचं, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रवांचं मिश्रण, मुळात लॅकर (लाकडावर वगैरे मारायचा, पटकन वाळणारा चकचकीत लेप) पातळ करायला बनवलेलं. वाळलेला ऑइल पेंट यातही विरघळत नाही, पण फुगून मऊ पडतो, मग जुन्या कंगव्याने विंचरून विंचरून काढायचा. वाळलेलं ॲक्रिलिक तर लवकरच चिकट होऊन सुटायला लागतं. (ओलं ॲक्रिलिक असेल तर पाणी आणि साबण बास, उगाच बाटल्या काढू नका.)

पण थिनर बघत नाही की समोर रंग आहे का ब्रश. मी एकदा रात्री वापरून फेकायच्या पातळ प्लास्टिकच्या कपात थिनर ओतून ब्रश ठेवला, सकाळी कपाला बूडच नव्हतं, दांड्याचा रंग सालपटासारखा निघालेला आणि केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीच्या आतला गोंद सैल पडून केस हातात येत होते. तेव्हापासून काचेची बरणी, थिनर फक्त केस बुडतील इतकाच, पत्र्याच्या खाली, आणि अर्ध्या तासाने बघायचंच. नायलॉनच्या ब्रशवर मी थिनर वापरतच नाही, डुकराच्या केसांचा असेल तर चालतं, मात्र केस कोरडे पडतात म्हणून नंतर साबणाने धुऊन, टोक बोटांनी जुळवून आडवा वाळवायचा.

दोन्ही ज्वलनशील आहेत, पण थिनर फार पटकन पेटतो, तेव्हा गॅस बंद आणि खिडकी उघडी. ऑइल पेंट पुसलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकू नका, तेल हवेशी रिॲक्ट होताना गरम होतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा.

वापरलेलं टर्पेंटाईन लगेच फेकू नका, झाकण लावून दोन दिवस ठेवलं की रंग तळाला बसतो, वरचं निवळ हळूच दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या, पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं.