इंधनरोधी लेप (नमुना विमानांवरील)

ग्लो एंजिनावर (ठिणगीऐवजी ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या छोट्या एंजिनावर) उडणाऱ्या नमुना विमानाच्या बाल्सा लाकडावर, रेशमावर किंवा टिश्यू कागदावर चढवला जाणारा रंग आणि त्यावरचे संरक्षक आवरण. उन्हापावसापेक्षा या लेपाची कसोटी लागते ती सायलेन्सरमधून उडणाऱ्या, पुरत्या न जळलेल्या इंधनाने. या इंधनात साधारणतः ७० ते ८० टक्के मिथेनॉल, २० टक्क्यांच्या आसपास एरंडेल अथवा कृत्रिम तेल आणि गरजेप्रमाणे नायट्रोमिथेन असते. मिथेनॉल रंग मऊ करते आणि तेल फटीतून लाकडात उतरते. तेल प्यायलेल्या बाल्सावर पुढे ना रंग धरतो ना गोंद.

पारंपरिक लेपाला डोप म्हणतात. डच भाषेतील कालवण वा रस या अर्थाच्या शब्दावरून हा शब्द अमेरिकन इंग्रजीत कोणत्याही दाट द्रवासाठी रूढ झाला, असे बहुतेक कोशकार मानतात. अफूच्या दाट अर्कामुळे आलेला नशेचा अर्थही त्याचीच शाखा दिसते. सुरुवातीच्या ठिणगी-एंजिनांच्या पेट्रोल-तेल मिश्रणापुढे सेल्युलोज नायट्रेटचा डोप बऱ्यापैकी टिकत असे. १९४७च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला, मिथेनॉल रूढ झाले आणि नायट्रेट डोप उघडा पडला. त्याची जागा ब्यूटिरेट (सेल्युलोज ॲसिटेट ब्यूटिरेटच्या) डोपने घेतली. हा लेप नमुना विमानांसाठीच निघाला, असा समज आढळतो. परंतु खऱ्या विमानांच्या कापडावर तो कमी ज्वालाग्राही म्हणून स्वीकारला गेला आणि मिथेनॉलला दाद न देणे हा त्याचा आनुषंगिक गुण ठरला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नायट्रेट लाकडाला घट्ट धरतो, म्हणून तळाला तो आणि वर ब्यूटिरेट असा क्रम असतो. उलट केल्यास वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. ब्यूटिरेट वाळल्यावरही आकसत राहून पातळ पंख पिळतो, आणि नायट्रोमिथेनचे प्रमाण फार वाढवले की तोही नरमतो.

नागपुरात एरोमॉडेलिंगची, म्हणजे नमुना विमाने बनवून उडवण्याच्या छंदाची, तोंडओळख अनेकांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत होते. रंगाच्या दुकानात सहज हाती लागते ते फर्निचरचे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. ते नायट्रेट डोपचेच भावंड असल्याने दिसायला झकास, पण इंधनापुढे निरुपयोगी. त्यापेक्षा मोटारींवर मारतात तो हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक लेप, बरा. मात्र हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने योग्य मास्कशिवाय तो फवारू नये. इस्त्रीने चिकटवायची पॉलिएस्टर फिल्म मुळातच इंधनरोधी असते. तेल शिरते ते तिच्या जोडांतून.

हवामानाचा भाग येथे महत्त्वाचा. नवतप्यात फवाऱ्याचे थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतात आणि हाताला पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर लागतो. सावकाश उडणारे थिनर वापरल्यास हे टळते. पावसाळ्यात डोप वा लॅकर वाळताना हवेतील दमट वाफ त्यावर धरते आणि थर दुधाळ होतो. गंमत अशी की भर मे महिन्यातही कूलर लावलेल्या खोलीत हाच प्रकार घडतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत सोयीचे.

रंगाचे वजनही मोजावे लागते. शेपटी गुरुत्वमध्यापासून लांब असल्याने तिथे चढलेल्या दर ग्रॅममागे नाकात त्याहून अधिक शिसे भरावे लागते. म्हणून जाणकार रंग पातळ ठेवतात आणि क्लिअरचा जादा हात एंजिनामागच्या भागालाच देतात.

लेप पक्का झाला की नाही, हे रंगवलेल्या फळीच्या तुकड्यावर पाहतात. इंधनात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर काही मिनिटे ठेवून उचलतात. कापसाचे तंतू चिकटले किंवा नख रुतले, तर लेप आणखी काही दिवस सुकू द्यावा लागतो. एंजिनाची फायरवॉल (ज्यावर एंजिन बसवतात ती फळी) आणि टाकीची खोबण यांना रंग पुरत नाही; तिथे पातळ केलेले इपॉक्सी ब्रशने आतल्या कोपऱ्यांपर्यंत, स्क्रूच्या भोकांतही, फिरवतात.